वीस नॅनोमीटरची फट

सिनॅप्सची, म्हणजे एक चेतापेशी दुसरीला संदेश देते त्या जोडणीची, आकृती फळ्यावर काढताना दोन पेशींमधली फट मोकळी सोडायची पद्धत आहे. वर एकीचं फुगीर टोक, त्यात संदेशवाहक रसायनांच्या गोल गोल पुटिका, म्हणजे बारीक पिशव्या, खाली दुसऱ्या चेतापेशीचा पडदा, त्यावर ती रसायनं झेलणाऱ्या ग्राहींच्या खुंट्या, आणि मध्ये रिकामी पट्टी. त्या पट्टीतून चार ठिपके खाली येताना दाखवले की आकृती पुरी झाली. पाठ्यपुस्तकांत ती अशीच छापलेली असते, परीक्षेत गुणही तेवढ्यावर मिळतात. पण त्या पट्टीत काहीच नाही, असं मुलांच्या डोक्यात बसू देणं मला जड जातं. मेंदूबद्दल मला जे सगळ्यात थक्क करणारं वाटतं, त्यातलं बरंचसं नेमकं त्या पट्टीत आहे.

प्रत्यक्षात ही फट साधारण २० नॅनोमीटर रुंद असते. हिमोग्लोबिनचा एक रेणू पाच-सहा नॅनोमीटरचा. तसे तीन-चार रेणू एका ओळीत उभे केले की अलीकडचा काठ पलीकडच्याला मिळाला. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सिनॅप्स पहिल्यांदा नीट दिसू लागले, तेव्हापासूनच दिसत आलंय की या फटीत काहीतरी दाट भरलेलं आहे. हे दाट म्हणजे बहुतांशी प्रथिनं. काहींचं मूळ अलीकडच्या पडद्यात रुतलेलं, काहींचं पलीकडच्या, आणि मध्यावर कुठेतरी त्यांची गाठ पडलेली. पेशींना चिकटवून ठेवणारी प्रथिनं अशी त्यांची ओळख करून दिली जाते. ते खरं आहे, पण फार अपुरं आहे. नुसतं चिकटायचंच असतं तर दोन पडदे एकमेकांना भिडले असते. ही प्रथिनं जवळ आणतात आणि ठरावीक अंतरावर थांबवतातही, आणि त्याआधी समोर कोण आहे ते ओळखतात.

हे अंतर आहे की नाही, यावरूनच मेंदूविज्ञानातला पहिला मोठा वाद झाला. १९०६ सालचं वैद्यकाचं नोबेल कामिल्लो गॉल्जी आणि सांतियागो रामोन ई काहाल यांना विभागून मिळालं. गॉल्जींचं म्हणणं, मेंदू म्हणजे एक अखंड जाळं, त्यातले धागे एकमेकांत मिसळलेले. काहालांचं म्हणणं, प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र. ती दुसरीच्या अगदी लगत जाते, पण तिच्यात मिसळत नाही. आणि काहालांनी हे पाहिलं ते गॉल्जींनीच शोधून काढलेल्या चांदीच्या क्षाराच्या रंजनाने. पारितोषिक घेताना केलेल्या भाषणातही गॉल्जी आपल्या जाळ्याच्याच बाजूने बोलले. पुढे काहाल बरोबर ठरले. मला या निकालापेक्षा त्यातून उभा राहणारा प्रश्न मोठा वाटतो. पेशी एकमेकींत मिसळलेल्या असत्या तर त्यांना एकमेकींना ओळखायची गरजच पडली नसती. त्या स्वतंत्र आहेत म्हटल्यावर मात्र ओळखीवाचून एक पाऊल पुढे जाता येत नाही. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत. त्या गर्दीतून वाट काढत आलेल्या बारीकशा अक्षतंतूने, म्हणजे पेशीच्या संदेश नेणाऱ्या लांब शेपटाने, इथेच थांबायचं, हिच्याशीच जोडायचं, हे कशावरून ठरवायचं?

रॉजर स्पेरी यांचे १९४० च्या दशकातले बेडकांवरचे प्रयोग याच प्रश्नाभोवतीचे. बेडकाची दृष्टिचेता कापायची आणि डोळा खोबणीतल्या खोबणीत १८० अंशांत फिरवून ठेवायचा. बेडकाची चेता पुन्हा वाढते, दृष्टी परत येते. पण ती उलटी येते. माशी वर असली की बेडूक खाली झेपावतो, आणि कितीही वेळा उपाशी राहिला तरी त्यात सुधारणा होत नाही. याचा अर्थ, डोळा कसा बसवला आहे याच्याशी तंतूंना काही देणंघेणं नव्हतं. प्रत्येक तंतू मेंदूतल्या आपल्या जुन्या ठिकाणीच जाऊन पोचला होता. १९६३ मध्ये स्पेरींनी ठामपणे मांडलं की पेशींच्या अंगावर रासायनिक खुणा असल्या पाहिजेत आणि त्या खुणांवरून त्या एकमेकींना ओळखत असल्या पाहिजेत. डोळ्यातून मेंदूपर्यंतच्या त्या विशिष्ट वाटेवरच्या खुणा बऱ्याच वर्षांनी, १९९० च्या दशकात हाती लागल्या. त्याच दशकात सिनॅप्सच्या फटीतल्या खुणांचाही पत्ता लागला, आणि तो दिला एका कोळ्याच्या विषाने.

ब्लॅक विडो कोळ्याची मादी चावली की तिच्या विषातलं अल्फा-लॅट्रोटॉक्सिन चेतातंतूंच्या टोकांना चिकटतं. तिथल्या पुटिका भराभर रिकाम्या होतात, संदेशवाहक रसायनांचा लोट बाहेर पडतो, स्नायू आखडतात आणि माणूस वेदनेने तळमळतो. हे विष पेशीवरच्या नेमक्या कशाला धरतं याचा शोध घेताना डॅलसमध्ये टॉमस स्युडहॉफ यांच्या गटाला १९९२ मध्ये न्यूरेक्सिन नावाचं प्रथिन सापडलं. १९९५ मध्ये न्यूरेक्सिनचा पलीकडच्या काठावरचा जोडीदार मिळाला, तो न्यूरोलिजिन. पुढे लक्षात आलं की कॅल्शियम नसेल तर विष न्यूरेक्सिनला धरत नाही, तरीही आपलं काम करतं. तेव्हा आणखी एक ग्राही असणारच. तोही सापडला, लॅट्रोफिलिन, आणि सिनॅप्स घडवणाऱ्या प्रथिनांमध्ये त्याचंही स्थान पक्कं झालं. लाखो वर्षांच्या उत्क्रांतीत त्या विषाने वार करायला जागा निवडल्या त्या या, याचं मला अजून नवल वाटतं. जिथे दोन पेशींचा भरवसा एकवटलेला असतो, तिथेच घाव घातलेला.

२००० साली पीटर शाइफेल आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग मी वर्गात नेहमी सावकाश सांगते. प्रयोगशाळेत सहज वाढणाऱ्या, चेतापेशी नसलेल्या मानवी पेशी घ्यायच्या. त्यांना सिनॅप्स म्हणजे काय ते ठाऊक असायचं काहीच कारण नाही. त्यांच्यात न्यूरोलिजिनचं जनुक घालायचं, म्हणजे त्यांच्या पृष्ठभागावर ते प्रथिन येतं. मग त्यांच्या शेजारी खऱ्या चेतापेशी वाढवायच्या. अक्षतंतू सरकत सरकत या परक्या पेशींना येऊन लागले, आणि जिथे लागले तिथे त्यांनी पुटिका गोळा करायला सुरुवात केली, जणू समोर चेतापेशीच आहे. एका प्रथिनाच्या भरवशावर तंतूने आपल्या बाजूचा अर्धा सिनॅप्स उभारला. चार वर्षांनी उलट्या बाजूनेही हेच दाखवलं गेलं: साध्या पेशींवर न्यूरेक्सिन ठेवलं, तर समोरची चेतापेशी आपल्या पडद्यावर ग्राही जमवते. हे सांगून झालं की वर्गातलं कुणीतरी हमखास विचारतं, मग त्या प्रथिनात असं आहे तरी काय? याचं उत्तर त्याच्या आकारात शोधावं लागतं, आणि तो आकार काढणं हे माझं जुनं क्षेत्र.

मी पीएचडी केली त्या प्रयोगशाळेत मेंदूवर काम चालत नव्हतं. माझं प्रथिन मातीतल्या एका जिवाणूचं एस्टरेज नावाचं एंझाइम होतं. त्याचे स्फटिक मिळवायचे, त्यांच्यावर क्ष-किरण सोडायचे आणि विखुरलेल्या किरणांवरून रेणूची रचना काढायची, एवढंच काम, पण वर्षानुवर्षं पुरणारं. चोवीस खळग्यांचा प्लास्टिकचा ट्रे असतो. प्रत्येक खळग्यात क्षाराचं किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं द्रावण, खळग्याच्या काठावर ग्रीसचं कडं. काचेच्या गोल चकतीवर प्रथिनाचा एक मायक्रोलिटर, त्यात खळग्यातल्या द्रावणाचा एक मायक्रोलिटर, आणि चकती चटकन उलटी करून ग्रीसवर दाबायची. थेंब लटकत राहतो. बंद खळग्यात थेंबातलं पाणी वाफेच्या रूपाने सावकाश खालच्या द्रावणाकडे जातं, थेंब दाट होत जातो आणि रेणूंना रांगेत बसायला उसंत मिळते. बहुतेक थेंबांत नुसता तपकिरी गाळ होतो. कधी एखाद्यात काही चमकतं. ते प्रथिन आहे की मीठ, हे बघायला बारीक सुईने टोचायचं. मिठाचा खडा असेल तर सुईला कट्ट असं लागतं. प्रथिनाचा स्फटिक मऊ असतो, सुईखाली नुसता दबत चुरतो, कारण त्यात जवळजवळ निम्मं पाणी असतं. ज्याची इतके दिवस वाट पाहिली, तो खरा आहे हे त्याला मोडूनच कळतं. ते फार जिवावर यायचं.

न्यूरोलिजिनचे स्फटिक मिळवणं याहून खूपच अवघड. त्याच्या अंगावर शर्करेच्या साखळ्या असतात, दर रेणूवर थोड्या वेगळ्या, आणि असे रेणू शिस्तीत रांगेला लागत नाहीत. २००७ च्या अखेरीस स्टॅनफर्ड आणि मार्सेय इथल्या दोन गटांनी न्यूरोलिजिन आणि न्यूरेक्सिन एकमेकांना धरून असतानाची रचना प्रसिद्ध केली. ती संगणकावर उघडून फिरवून पाहताना मला समोर माझंच प्रथिन दिसलं. मध्ये प्रथिनाच्या साखळीच्या सपाट बीटा-पट्ट्यांचा पिळदार पडदा, दोन्ही अंगांनी तिचीच स्प्रिंगसारखी अल्फा-सर्पिलं. एस्टरेज, लायपेज अशा कितीतरी एंझाइमांची ही ठरलेली घडण. एंझाइमवर काम केलेल्या माणसाची नजर अशा वेळी आपोआप एकाच जागी जाते. या घडणीत एका वळणाच्या टोकावर सेरीन नावाचं अमायनो आम्ल, म्हणजे त्या साखळीतला एक मणी, असतं. रासायनिक काम तेच करतं, बाकीचा सगळा रेणू त्याला आधार द्यायला. न्यूरोलिजिनमध्ये त्या जागी सेरीन नाही. तिथे ग्लायसीन आहे, ज्याला रासायनिक कामाचा हातच नाही. परळच्या बंद गिरणीतली यंत्रं हलवली, पण भिंती, खांब, छप्पर जसंच्या तसं ठेवून आत दुसराच व्यवसाय सुरू झाला, तसं हे प्रथिन आहे. कातणं-विणणं थांबलं, इमारतीची मजबुती मात्र कामाला आली.

आणि ज्या एंझाइमशी न्यूरोलिजिनचं सगळ्यात जवळचं साम्य आहे, ते स्वतःही सिनॅप्समध्येच राबतं. ॲसिटिलकोलिनेस्टरेज. चेता आणि स्नायू यांच्यामधल्या फटीत ॲसिटिलकोलिन येऊन संदेश देतं, आणि हे एंझाइम विलक्षण वेगाने त्याचे तुकडे करून फट पुढच्या संदेशासाठी मोकळी करतं. त्याची रचना १९९१ मध्ये इस्राएलमध्ये काढली गेली, तीही एका विद्युत-माशाच्या एंझाइमवरून. त्याचं सेरीन मात्र जागेवर आहे, आणि ऑर्गेनोफॉस्फेट कीटकनाशकं नेमकी त्या सेरीनला जाऊन चिकटतात. २०१७ च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतकरी आणि शेतमजूर विषबाधेने मेले, तेव्हा वापरातल्या औषधांमध्ये मोनोक्रोटोफॉससारखी ऑर्गेनोफॉस्फेटंही होती. ॲसिटिलकोलिन साचत जातं, तोंडाला फेस येतो, स्नायू थरथरतात, श्वासाचे स्नायू थकून थांबतात. त्या बातम्या वाचताना माझ्या डोळ्यांसमोर ते सेरीन येत होतं. एका अमायनो आम्लावर माणसाचा श्वास अवलंबून असतो हे मी पुस्तकात वाचलेलं होतंच. हातमोजे आणि मुखपट्टीविना पाठीवर पंप घेऊन कमरेएवढ्या, काही ठिकाणी डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत शिरलेल्या माणसाच्या बाबतीत ते वाचणं निराळं होतं. न्यूरोलिजिन त्याच कुळातलं, पण त्याच्या वाट्याला फोडण्याऐवजी धरण्याचं काम आलं.

ते धरतं कसं, हेही त्या रचनेत स्पष्ट दिसतं. न्यूरोलिजिनचे दोन रेणू नेहमी जोडीने असतात. प्रत्येकाची दोन सर्पिलं, अशी चार सर्पिलं एकमेकांना टेकून घट्ट जुडी होते. या जोडीच्या दोन विरुद्ध बाजूंना एकेक न्यूरेक्सिन येऊन बसतं. न्यूरेक्सिनचा जो भाग इथे येतो तो दोन बीटा-पडदे एकमेकांवर ठेवल्यासारखा चपटा आहे, आणि तो समोरासमोर न लागता आपल्या कडेने लागतो. जिथे लागतो तिथे, दोघांच्या मध्ये, कॅल्शियमचा एकच आयन. तो काढून घेतला की पकड सुटते. हा आयन बाहेरच्या द्रवात भरपूर असतो. पेशीच्या आत त्याचं प्रमाण सुमारे दहा हजार पट कमी. एकाच मूलद्रव्याने बाहेर पकड सांभाळायची, आणि तेच आत शिरलं की पुटिका फोडून संदेश सोडायचा, ही वाटणी मला फार देखणी वाटते. क्योतोमध्ये मासातोशी ताकेइची यांनी शोधलेली कॅडहेरिन नावाची प्रथिनं तर कॅल्शियमवाचून ताठ उभीही राहू शकत नाहीत. तीही सिनॅप्समध्ये असतात, पण शरीरात इतरत्रही सगळीकडे असतात. त्यांच्यावर इथे थांबत नाही.

न्यूरेक्सिनची खरी करामत त्या कडेवर आहे. माणसाकडे न्यूरेक्सिनची फक्त तीन जनुकं आहेत. त्यातलं पहिलं अवाढव्य, अकरा लाखांहून अधिक अक्षरांचं, मानवी जनुकांमधल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक. पण पेशी त्याची नक्कल करताना काही तुकडे ठेवते, काही गाळते, आणि या निवडीतून हजारो वेगवेगळी न्यूरेक्सिनं निघतात. तुकडे घालायच्या-गाळायच्या जागांपैकी बऱ्याचशा रेणूवर कुठेही विखुरलेल्या नाहीत, त्या कॅल्शियमच्या आसपास, कडेवरच येतात. चौथ्या जागी ३० अमायनो आम्लांचा एक तुकडा असतो. तो असेल तर एक जोडीदार, नसेल तर दुसरा. एलआरआरटीएम नावाची प्रथिनं तो तुकडा गाळलेल्या न्यूरेक्सिनलाच धरतात. लहान मेंदूतलं सेरेबेलिन नावाचं प्रथिन मात्र तो तुकडा असलेलंच मागतं. स्पेरींना हव्या असलेल्या खुणांसाठी लाखो जनुकं लागतील आणि तेवढी तर आपल्याकडे नाहीतच, असा आक्षेप घेतला जायचा. तीन जनुकांच्या एका कडेवर किती ओळखी मावतात ते बघितलं की त्या आक्षेपाचा जोर कमी होतो. फळमाशीत तर याहून पुढची मजल आहे: डीस्कॅम नावाच्या एकाच जनुकापासून ३८,०१६ वेगवेगळी प्रथिनं होऊ शकतात.

एवढं कळल्यावर साहजिकच वाटतं की न्यूरोलिजिन काढून टाकलं तर सिनॅप्स होणारच नाहीत. तो प्रयोग झाला आहे. २००६ मध्ये ग्योटिंगेनच्या गटाने न्यूरोलिजिनची तीन जनुकं एकदम काढलेले उंदीर तयार केले. ते जन्मले आणि श्वास न चालल्याने लगेच मेले. पण त्यांच्या मेंदूत सिनॅप्सची संख्या जवळपास नेहमीइतकीच होती. फटी होत्या, पुटिका होत्या, सगळं आकृतीसारखं जागच्या जागी. संदेशच नीट जात नव्हते. अल्फा-न्यूरेक्सिन, म्हणजे न्यूरेक्सिनचे लांब प्रकार, काढलेल्या उंदरांचंही २००३ मध्ये साधारण हेच दिसलं होतं: जोडण्या जवळपास तेवढ्याच, पण पुटिका फोडणाऱ्या कॅल्शियमच्या वाटा नीट चालत नव्हत्या. या निकालांपुढे मी बराच काळ अडले. प्रयोगशाळेतल्या बशीत एकटं न्यूरोलिजिन अर्धा सिनॅप्स उभा करतं, आणि जिवंत मेंदूत ते नसतानाही सिनॅप्स उभे राहतात. माझ्या मते याचा अर्थ असा की भेट घडवून आणणारे बरेच आहेत, एक नसला तर दुसरा आहे. भेटीनंतर हा सिनॅप्स उत्तेजना देणारा होणार की आवर घालणारा, भक्कम की हळवा, हे ठरवण्याचं काम न्यूरेक्सिन आणि न्यूरोलिजिनकडे आहे, आणि तिथे त्यांना पर्याय नाही. म्हणूनच न्यूरोलिजिन-१ मुख्यतः उत्तेजक सिनॅप्समध्ये आढळतं आणि न्यूरोलिजिन-२ आवर घालणाऱ्यांमध्ये.

माझ्या मामेबहिणीचा मुलगा ऑटिस्टिक आहे. एकदा फोनवर बोलता बोलता ती म्हणाली, "ताई, तुझ्या त्या प्रथिनांमध्ये माझ्या लेकाचं काही असतं का गं?"

मी तिला २००३ सालच्या संशोधनाबद्दल सांगितलं. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या टोमा बुर्जरों यांच्या गटाने स्वीडनमधल्या एका कुटुंबात न्यूरोलिजिन-३ मधला बदल शोधला होता. दोन भाऊ, एकाला ऑटिझम, दुसऱ्याला अॅस्पर्गर सिंड्रोम. दोघांच्याही न्यूरोलिजिनमध्ये ४५१ व्या जागी आर्जिनीनऐवजी सिस्टीन होतं. ही जागा न्यूरेक्सिन येऊन बसतं त्या पृष्ठभागावर नाही, त्यामुळे पकड थेट बिघडते असं नाही. बिघडते ती घडी. प्रथिन नीट घडत नाही, आणि नीट न घडलेलं प्रथिन पेशी बाहेर पाठवत नाही. ते बहुतेक आतच अडकून राहतं. हाच बदल उंदरात केला तेव्हा मेंदूतलं न्यूरोलिजिन-३ सुमारे ९० टक्क्यांनी घटलं, आणि आवर घालणाऱ्या संदेशांचा जोर मात्र वाढला. मी हेही तिला सांगितलं की असा बदल फार थोड्या कुटुंबांत सापडतो, ऑटिझमशी शेकडो जनुकांचा संबंध आहे, आणि कितीतरी मुलांच्या तपासणीत काहीच हाती लागत नाही.

तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो बदल त्या मुलांना कुणाकडून आला?" आईकडून, मी म्हणाले, कारण ते जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, आणि मुलग्याला ते गुणसूत्र आईकडूनच मिळतं. ती गप्प झाली. मग मी तिला बोलू दिलं नाही, मीच बोलत राहिले. १९५० आणि ६० च्या दशकांत ऑटिझमचं कारण आईचा थंडपणा असल्याचं मानसोपचारात राजरोस सांगितलं जायचं. हजारो बायका ते ओझं घेऊन जगल्या. त्यांना त्यातून सोडवणाऱ्या गोष्टींत हे रेणूही आहेत. जनुकाची नक्कल होताना एक अक्षर बदललं, ते कुणी मुद्दाम दिलं नाही, प्रेम कमी पडलं म्हणून ते बदललं नाही. ते बदल शोधायला जनुकाची अक्षरं वाचावी लागतात, आईची उलटतपासणी लागत नाही. हे मी तिला जितक्या जोरात सांगता येईल तितक्या जोरात सांगितलं, आणि इथेही त्याच जोराने लिहिते आहे.

ओळखीचा दुसरा, उलटा प्रकारही याच फटीच्या जगात आहे, आणि तो कळल्यापासून माझ्या मनातून जात नाही. एका चेतापेशीला शेकडो फांद्या असतात. त्या एकमेकींजवळून जातात, एकमेकींना लागतात. मग ती स्वतःच्याच फांद्यांमध्ये गुंतून का पडत नाही? कण्याच्या प्राण्यांमध्ये हे काम प्रोटोकॅडहेरिन करतात. उंदरात त्यांची ५८ जनुकं एकापुढे एक रांगेत आहेत. प्रत्येक पेशी त्यातली थोडी, जवळजवळ चिठ्ठी टाकून निवडल्यासारखी, चालू करते, आणि तो संच तिच्या सगळ्या फांद्यांवर सारखा असतो. दोन फांद्या समोरासमोर आल्या की प्रत्येक प्रकारचं प्रथिन पलीकडच्या आपल्यासारख्यालाच धरतं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या लॅरी शपीरो आणि बॅरी होनिग यांच्या गटांनी ही पकड रचनेत दाखवली: प्रथिनं आपल्या पडद्यावरच्या शेजाऱ्याशी बाजूने जोडलेली आणि समोरच्याशी टोकाने, अशी एकाआड एक साखळी वाढत जाते. संच तंतोतंत सारखा असेल तर साखळी लांबच लांब होते. एकही प्रकार वेगळा निघाला, तर साखळी तिथेच तुटते आणि तोकडी राहते. लांब साखळी म्हणजे समोर मीच आहे. आणि तेव्हा पेशी काय करते? मागे सरते. इतकी घट्ट, इतकी बिनचूक पकड, आणि तिचा परिणाम म्हणजे दूर होणं. २०१२ मध्ये उंदराच्या डोळ्यातल्या ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या पेशींमधून या प्रथिनांचा एक गट काढला, तर सुंदर पसरलेल्या फांद्या एकमेकींवर गोळा होऊन त्यांचा गुंता झाला. मेंदूत जोडले जाण्याइतकंच, कुणाशी जोडायचं नाही हेही रेणूंना माहीत असावं लागतं.

टेन्यूरिनचा उल्लेख राहिला. कोळ्याच्या विषाने दाखवलेल्या लॅट्रोफिलिनचा फटीपलीकडचा तो जोडीदार. त्याची रचना २०१८ मध्ये निघाली, तर ती जिवाणूंच्या एका विषाशी मिळतीजुळती. म्हणजे एका बाजूला काम सोडलेलं एंझाइम, दुसरीकडे जिवाणूच्या विषाची घडण. सिनॅप्सची फट जुन्या, दुसऱ्याच कामासाठी घडलेल्या रेणूंनी भरली आहे.

आणि आता माणसानेही त्यात एक रेणू भरायचा प्रयत्न केला आहे. सेरेबेलिन एका वेगळ्या तऱ्हेने काम करतं: ते कुठल्याच पडद्यात रुतलेलं नसतं, फटीत सोडलेलं असतं, आणि एका हाताने न्यूरेक्सिनला, दुसऱ्या हाताने पलीकडच्या ग्राहीला धरून मधला दुवा होतं. ते नसलेल्या उंदरांना तोल सांभाळता येत नाही. २०१६ मध्ये या तिघांची एकत्र रचना कळली, आणि तिच्यामुळे पुढची कल्पना शक्य झाली. जपान, ब्रिटन आणि जर्मनीतल्या गटांनी मिळून सेरेबेलिनचा न्यूरेक्सिनला धरणारा भाग घेतला, पेंट्रॅक्सिन नावाच्या दुसऱ्या प्रथिनाचा एएमपीए या उत्तेजक ग्राहींना धरणारा भाग घेतला आणि दोन्ही जोडून निसर्गात नसलेलं प्रथिन बनवलं. २०२० मध्ये त्यांनी त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तोल गेलेल्या उंदरांच्या लहान मेंदूत ते टोचलं तर चाल सुधारली, अल्झायमरचं प्रारूप असलेल्या उंदरांमध्ये सिनॅप्स आणि स्मरणाच्या चाचण्या सुधारल्या, आणि मज्जारज्जूला इजा झालेल्या उंदरांची हालचाल बरीचशी परत आली. हे सगळं उंदरांत आहे. माणसाच्या मज्जारज्जूचा पल्ला मोठा, इजा गुंतागुंतीची, आणि प्रथिन योग्य जागीच पोचवणं हा स्वतंत्र अवघड भाग. पण तुटलेल्या दोन टोकांच्या मध्ये काय ठेवलं तर ती एकमेकांना पुन्हा धरतील, याचा आराखडा आता रेणूच्या मापात काढता येतो, आणि त्यातले कोपरे कुठे जुळवायचे ते स्फटिकांनी सांगितलेलं आहे.